अक्का विचारते

"डॉक्टर, मी मेल्यावर मी कुठे असेन?" अक्काने विचारलं, आणि अख्खा वॉर्ड हसत सुटला.

डॉक्टर हसले. त्यांच्या मागे उभे असलेले दोन शिकाऊ डॉक्टर हसले. सलाइनची बाटली बदलणारी नर्स इतकी हसली की तिला बाटली खाटेवर टेकवून तोंडावर हात धरावा लागला. पलीकडच्या खाटेवरच्या आजींची सून स्टुलावर बसून सफरचंद चिरत होती, तिने तर सुरी बाजूला ठेवून टाळीच वाजवली. "अय्या, अगदी पेपरातल्यासारखं बोलतात हो!" ती म्हणाली. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि अक्काजवळ बसलेल्या तिच्या भावाला म्हणाले, "सर, लिहून घ्या, लिहून घ्या. हे वाया जायला नको."

आणि सरांनी, म्हणजे अक्काच्या धाकट्याने, खिशातलं पेन काढलं. त्याला कागद लागत नसे. काही सुचलं की तो डाव्या तळहातावर लिहायचा आणि घरी जाऊन उतरवून घ्यायचा. हात धुवायच्या आधी आठवण झाली तर ठीक, नाहीतर तो विचार साबणाबरोबर वाहून जायचा. तो डावा हात त्या वेळी अक्काच्या हातात होता. त्याने तो हलकेच सोडवून घेतला आणि त्यावर अक्काचा प्रश्न लिहिला.

अक्काही हसली. सगळे आपल्याकडे बघून हसत असताना आपण एकट्याने गप्प राहायचं म्हणजे भलताच आगाऊपणा. पण तिने गंमत केली नव्हती. डॉक्टर शिकलेला माणूस, रोज माणसं जाताना बघतो, त्याला काहीतरी ठाऊक असेल, म्हणून तिने सारा जीव गोळा करून विचारलं होतं. डॉक्टर हसत हसत पुढच्या खाटेकडे गेले आणि तिला उत्तर मिळायचं राहून गेलं.

आता एका आजारी बाईने मरणाचं विचारावं आणि चांगल्या, प्रेमळ माणसांनी पोट धरून हसावं, हे काय गौडबंगाल, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

अक्का पडदे शिवायची. राहतं घर दोन खोल्यांचं, त्यातल्या रस्त्याकडच्या खोलीत दुकान. कापडाचे तागे भिंतीला उभे, मधोमध कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात शिवणयंत्र. आईवडील लवकर गेले, धाकट्याला तिनेच वाढवलं. दिवसा लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, संध्याकाळी चुण्या घालायच्या, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला धाकटा अभ्यास करत बसलेला. तिच्या लग्नाचा विषय कुणी काढलाच तर "माप जुळलं नाही" म्हणून ती कात्री चालवायला लागायची. धाकट्याचं लग्न झालं आणि मोडलंही. दोन्ही गोष्टी इतक्या शांतपणे झाल्या की शेजाऱ्यांना बोलायला काही मिळालं नाही. तेव्हापासून बहीणभाऊ पुन्हा एकत्र.

धाकटा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. त्याच्या तासाला मुलं झोपायला यायची. हे तो स्वतःच सांगायचा, आणि वर म्हणायचा, निदान येतात तरी. त्याने ज्ञान म्हणजे काय या विषयावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. ते कुणी विकत घेतलं नाही, फुकट दिलेलं कुणी वाचलं नाही. उरलेल्या प्रतींपैकी एक अक्काने शिवणयंत्राच्या आखूड पायाखाली सरकवली तेव्हा यंत्र डुगडुगायचं थांबलं. त्या पुस्तकाचा समाजाला झालेला उपयोग तो तेवढाच.

मग ते पडद्याचं प्रकरण झालं. एक बाई दुकानात येऊन हिरवं कापड पसंत करून गेली. पडदा शिवून तिच्या खिडकीला लावला, तर तो निळा दिसायला लागला. बाई पडदा घेऊन भांडायला आली. अक्काने तो दिव्याखाली धरला, हिरवा. दाराबाहेर नेला, निळा. परत आत, परत बाहेर. बाई खोटं बोलत नव्हती आणि अक्काही नाही. ती चक्रावूनच गेली. संध्याकाळी धाकटा घरी आल्या आल्या तिने त्याला गाठलं. "अरे, ह्याचा खरा रंग कुठला? दुकानातला, की तिच्या घरातला? आणि दिवा घालवला की कुठला?"

धाकटा बघतच राहिला. हीच गोष्ट तो वर्षानुवर्षं वर्गात सांगत होता, मोठमोठे शब्द वापरून, आणि मुलं घोरत होती. तो हसायला लागला. भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. अक्का आधी रागावली, मग तीही हसायला लागली. त्याच आठवड्यात त्याने ते जसंच्या तसं लिहिलं, बाईच्या तणतणण्यासकट, आणि पेपरात पाठवून दिलं. रविवारच्या पुरवणीत छापून आलं. त्याने लिहिलेलं काहीतरी लोकांनी शेवटपर्यंत वाचलं असं पहिल्यांदाच घडलं. पडद्याचं पुढे काय झालं, हे मात्र ना त्याने विचारलं, ना वाचकांनी. अक्काने तो मुकाट्याने परत घेतला होता.

तिथून 'अक्का विचारते' हे सदर सुरू झालं. "तू खोकलास की मी चहा टाकते. मग चहा मी टाकला की तुझ्या खोकल्याने?" या प्रश्नावरून त्याने माणूस स्वतंत्र आहे की नाही याची अशी काही चिरफाड केली की बसमध्ये कंडक्टर आणि प्रवासी त्यावर वाद घालताना अक्काने स्वतःच्या कानांनी ऐकलं. कंडक्टर म्हणत होता की तिकीट मी फाडतो ते माझ्या मर्जीने. प्रवासी म्हणत होता, मग नका फाडू आज. लोक तत्त्वज्ञान वाचत होते आणि आपण तत्त्वज्ञान वाचतोय हे त्यांना कळत नव्हतं, यातच धाकट्याचं सगळं कसब होतं.

काम करायची रीत ठरलेली. दर गुरुवारी दुपारी तो कापायच्या टेबलापाशी बसून नवा लेख अक्काला मोठ्याने वाचून दाखवायचा. ती हसली की समासात एक खूण. नाही हसली, किंवा "म्हणजे काय रे?" म्हणाली, की ते वाक्य बाद. त्यात रडारड नाही, मनधरणी नाही. अक्काला न कळलेलं एकही वाक्य त्या घरातून बाहेर पडलं नाही. एवढा मान कुठल्या विद्वानाने कुठल्या वाचकाला दिला असेल?

पण एक गोष्ट हळूहळू झाली, आणि ती दोघांच्याही लक्षात आली नाही. अक्काला चटक लागली. गिऱ्हाइकं पडद्यापेक्षा प्रश्न ऐकायला यायला लागली. "अक्का, आज काय विचारणार?" असं म्हणून दारात उभी राहायची, आणि अक्का कापडावरून नजर न उचलता असं काही बोलायची की ती हसत हसत रस्त्याला लागायची. पूर्वी तिला प्रश्न पडायचा आणि मग तो तोंडातून बाहेर यायचा. आता तो आधी तोंडातून यायचा, आणि आपल्याला तो खरंच पडलाय का, हे तिचं तिलाच सांगता यायचं नाही.

मग तिचं पोट दुखायला लागलं. पोट उघडलं आणि काही न काढता पुन्हा शिवलं. डॉक्टरांनी धाकट्याला बाहेर बोलावून काय सांगितलं ते अक्काने विचारलं नाही. तो आत आला, उगाचच तिची उशी सरळ केली, पाण्याचा तांब्या भरलेला असताना भरायला घेऊन गेला. त्याला खोटं बोलता येत नसे. अक्काला सगळं कळलं.

आणि तिला भीती वाटायला लागली.

ही भीती दुखण्याची नव्हती. दुखण्याशी तिचं जमलं असतं, तेवढी ती चिवट होती. ही भीती दुपारी यायची, जेवणं झाल्यावर, वॉर्डातले लोक पेंगायला लागले की. अक्कालाही झोप यायची, डोळे मिटायचे, आणि झोपेत शिरायच्या अगदी काठावर ती दचकून जागी व्हायची. छातीत धडधडायचं. हे असंच होणार, असंच एकदा आत जायचं आणि परत यायचंच नाही. मग ती डोळे ताणून छताकडे बघत पडून राहायची. आजूबाजूला सगळे शांत झोपलेले, आणि ती एकटी पहाऱ्यावर.

कुणाला तरी सांगायला हवं होतं. डॉक्टरांकडे तर हसं झालं. मग तिने नर्सला विचारायचं ठरवलं. पोरगी मायाळू होती, अक्काचे केस विंचरताना गुंता सुटेना तर स्वतःच "आई गं" म्हणायची. एकदा ती विंचरत असताना अक्का हळूच म्हणाली, "सिस्टर, शेवटी माणसाला काय वाटत असेल हो? कळत असेल का त्याला?"

नर्सचा फणीचा हात थांबला. अक्काला वाटलं, आता बोलेल. पण तिच्या खांद्यामागून खुदकन हसू आलं. "अक्का, तुम्ही ना! सुचतं कसं हो तुम्हाला ह्या अवस्थेत?" आणि मग ती आपणहून सांगायला लागली. तिचे वडील भयंकर तापट. मी बघितलं तेच खरं, हा त्यांचा खाक्या. घरात कुणी उलट बोललं की ताट भिरकावायचे. एका रविवारी तिने त्यांना पडद्याच्या रंगाचा लेख वाचून दाखवला. वडील हसले. हसले ते हसलेच, आणि संध्याकाळी आईशी वाद झाला तेव्हा ताटाकडे गेलेला हात मागे घेऊन म्हणाले, "असेल बुवा, तुझ्या खिडकीतून निळा दिसत असेल." नर्स म्हणाली, "अक्का, आमच्या घरात त्या दिवसापासून ताट फेकलं गेलं नाही. देवाशप्पथ."

एवढं ऐकल्यावर कुठल्या तोंडाने तिला सांगायचं, की पोरी, मी आत्ता गंमत केली नव्हती? अक्काला बरं वाटलं, खरोखर बरं वाटलं, आणि त्याच वेळी ती पहिल्यापेक्षा एकटी पडली. ती म्हणाली, "विंचर बाई, विंचर. मेल्यावर गुंता कोण काढणार?" नर्स पुन्हा हसली.

राहता राहिल्या पलीकडच्या खाटेवरच्या आजी. त्या पेपर वाचत नव्हत्या, अक्का कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि सून घरी गेली होती. दुपारी अक्का कुशीवर वळली आणि मनाचा हिय्या करून म्हणाली, "आजी, मला ना, मरायची भीती वाटते."

आजींनी एक डोळा उघडला. "आत्ता?" त्या म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागत होता बाई माझा." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या हसल्या नाहीत, हे मात्र खरं. आजवर तेवढंच पदरात पडलं, असं म्हणून अक्काने समाधान मानलं.

नंतर तिला घरी आणलं. तिच्या हट्टाने खाट पुढच्या खोलीत टाकली, कापायच्या टेबलाला लागून. दुकान बंद होतं, पण उजेड तिथेच चांगला यायचा आणि रस्त्यावरचे आवाज ऐकू यायचे. धाकट्याने कॉलेजातून रजा घेतली. तो तिला भरवायचा, औषधं द्यायचा, चादर बदलायचा, आणि हे सगळं तो इतक्या वाईट रीतीने करायचा की अक्काला पडल्या पडल्या सूचना द्याव्या लागायच्या. "अरे, चादरीची कड आत दुमड. पीएच.डी. झालास ना तू?" तो हसायचा. पण ते हसू ओठांवरच राहायचं. त्याचे गाल बसले होते. तो दाढी करायला विसरायचा, आणि रस्त्याकडे बघत उभा राहिला की किती वेळ उभा आहे याचं भान त्याला नसायचं.

लेख मात्र त्याने थांबवला नव्हता. संपादक म्हणाले होते, काही आठवडे सुट्टी घ्या. तो नको म्हणाला. अक्काला ते कळत होतं. लेखात ती ठणठणीत होती, गिऱ्हाइकांना दटावत होती, खिडक्यांवर चढत होती. आठवड्यातून एक दिवस तरी बहीण धडधाकट असावी म्हणून तो लिहीत होता. आणि म्हणूनच त्याला सांगणं सगळ्यांत कठीण होतं.

तरी एका दुपारी तिने धीर केला. तो संत्रं सोलत बसला होता, शिरा काढून एकेक फोड बशीत ठेवत होता.

"अरे, मला ना, एक विचारायचंय तुला."

धाकट्याने मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. किती दिवसांनी पडला होता! डोळे मोठे झाले, भुवया वर गेल्या, बसलेले गालसुद्धा जरा वर आले. संत्र्याच्या रसाने चिकट झालेला हात पॅन्टला पुसून तो पेन शोधायला लागला. "विचार, विचार," तो म्हणाला.

अक्काने तो चेहरा बघितला आणि तिचा धीर खचला. याच चेहऱ्यासाठी तिने जन्मभर चुण्या घातल्या होत्या. काय बोलावं ते तिला सुचेना. पण तोंडाला मात्र सुचलं. "मी वर गेले की तिथल्या खिडक्यांची मापं कोण घेणार रे? तिथे भिंती आहेत की नाहीत, ह्याची तरी चौकशी करून ठेव."

धाकटा मनापासून हसला आणि तळहातावर लिहायला लागला. अक्का त्याच्या वाकलेल्या मानेकडे बघत राहिली. तिला त्याचा राग आला नाही, लोकांचा आला नाही. तिला स्वतःच्या तोंडाचा राग आला. इतका राग आला की संत्र्याची फोड तिने तशीच ठेवून दिली.

मग गुरुवार आला. धाकट्याने खुर्ची खाटेजवळ ओढली, कागद सारखे केले आणि घसा साफ केला. "वाचू?"

"वाच."

लेख मरणावर होता. दवाखान्यातला प्रश्न आणि खिडक्यांचा प्रश्न, दोन्ही त्याने त्यात वापरले होते.

अक्काच्या दुकानात एक गिऱ्हाईक येतं. उन्हातून आलेलं, पण घाम नाही. म्हणतं, पडदा हवाय. अक्का म्हणते, कुणाच्या घरी? तुमच्याच, उद्यापासून तुम्ही नसणार. अक्का चष्म्यावरून बघते. माप आणलंय? कशाचं माप, गिऱ्हाईक विचारतं. अहो, तुम्ही म्हणता उद्यापासून मी नसणार, मग त्या नसण्याची लांबी-रुंदी सांगा, मी अंदाजाने कापड कापत नाही. गिऱ्हाईक गडबडतं. म्हणतं, मग तुम्हीच चला माप घ्यायला. आले असते हो, अक्का म्हणते, पण माझ्या नसण्याचं माप घ्यायचं तर टेपचं टोक धरायला मी तिथे पाहिजे. आणि मी तिथे टेप धरून उभी असले, तर ते नसणं कसलं? गिऱ्हाईक टेपकडे बघतं, अक्काकडे बघतं, खाली बघतं. मग मी आता काय करू, असं रडवेल्या आवाजात विचारतं. बसा, अक्का म्हणते, चहा घेता?

अक्का हसली. अगदी पोटातून हसली, टाके दुखले तरी हसली. धाकट्याने पान न उलटता समासात खूण केली आणि पुढे वाचत राहिला. आपण आपल्या मरणाची कल्पना करतो तेव्हा एक चोरी करतो, असं पुढे लिहिलं होतं. अंधारी खोली डोळ्यांसमोर आणतो आणि गुपचूप स्वतःलाच त्या खोलीत नेऊन उभं करतो. मग तो बिचारा तिथे एकटा उभा आहे म्हणून आपल्याला रडू येतं. पण तिथे कुणी उभं नसतंच. खोलीत कुणी नाही, तर अंधार दिसणार कुणाला?

किती सोपं करून लिहिलं होतं त्याने! अक्काला शब्द न् शब्द कळला. पटलासुद्धा. ती वाट बघत होती की आता आत कुठेतरी गाठ सुटेल. गाठ सुटली नाही. सगळं कळून, सगळं पटून, भीती होती तिथेच बसली होती. हसता हसता तिचे खांदे हलत होते ते हलतच राहिले, आणि आता त्या हलण्यात हसू उरलं नव्हतं. कागदाच्या पलीकडून धाकट्याला काही दिसत नव्हतं. श्वास अडकल्याचा आवाज आला की तो खूण करत होता. एकामागून एक पाच-सहा खुणा झाल्या. असा लेख आजवर झाला नव्हता.

वाचून संपलं. तो कागदाकडेच बघत म्हणाला, "सगळ्यांत जास्त कशाला हसलीस गं? टेपला, की चहाला?"

"टेपला," अक्का म्हणाली. "चांगला झालाय रे. फार चांगला झालाय." मग तिने डोळे घट्ट मिटले. तोंड काही भलतंच बोलून बसायच्या आत बोलायला हवं होतं. "धाकट्या, मला मरायची भीती वाटते."

धाकट्याने वर बघितलं. भुवया उंचावलेल्या, ओठांच्या कडांना हसू येऊन थांबलेलं, पेन उघडं.

"पुढे?" तो म्हणाला.

पुढे काही नव्हतं. अक्काने डोळे उघडले आणि ती त्याच्याकडे बघत राहिली. तोही बघत राहिला. रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. तो अजून थांबलाच होता, वाक्य पुरं व्हायची वाट बघत, आणि मग त्याला तिचा ओला चेहरा दिसला. उशी दिसली, ती भिजली होती. ओठांवरचं हसू कुठे ठेवावं हे त्याला कळेना. ते थोडा वेळ तसंच राहिलं, आणि मग त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला की अक्काला वाटलं, उगीच बोलले.

"पुढे काही नाही," ती म्हणाली. "एवढंच आहे."

"अक्का, हे बघ, भीती म्हणजे..." त्याने सुरुवात केली.

"नको रे."

पेनला टोपण लावायचा त्याने प्रयत्न केला, टोपण सापडलं नाही. मग त्याने विचारलं, "कधीपासून?"

"डॉक्टरांना विचारलं ना, त्याच्याही आधीपासून."

"म्हणजे ते तू..."

"हो."

"आणि मी..."

"तू एकटा नाहीस. सगळेच हसले. मीसुद्धा हसले की." ती म्हणाली, "तुला दोष देत नाही रे मी. मला नुसतं सांगायचं होतं. कुणालाच सांगता येत नव्हतं मला."

"सांग मग," धाकटा म्हणाला. "आता सांग. सगळं सांग."

आणि अक्काने सांगितलं. दुपारी झोप यायला लागली की काय होतं ते. छातीत कसं धडधडतं ते. रस्त्यावरचे आवाज उद्याही असेच येतील आणि ते ऐकायला आपण नसू, हे एकदा डोक्यात आलं की कसं जात नाही ते. ती अडखळत बोलत होती, तेच तेच पुन्हा सांगत होती, वाक्यं अर्धी सोडत होती. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं आणि शहाणपणाचंही काही नव्हतं. छापायच्या लायकीची एक ओळ त्यात सापडली नसती. धाकटा ऐकत होता. मधे फक्त "मग?" म्हणत होता. आपल्या बहिणीला त्याने इतकं निमूट बसून कधी ऐकलं नव्हतं. एरवी तिचं बोलणं संपायच्या आतच त्याला काहीतरी सुचायचं.

बोलून बोलून ती दमली. मग म्हणाली, "लेख मात्र पाठव."

"कसा पाठवू, अक्का?"

"पाठव. चांगला आहे. भीती वाटायच्या आधी वाचला तर माणसाला उपयोग होईल. मला उशीर झाला, त्याला तू काय करणार?"

त्यावर तो रडला. मुलासारखा नाही, म्हातारा होत चाललेल्या माणसासारखा, आवाज दाबून, नाक ओढत. अक्काने त्याला रडू दिलं. तिला आता भयंकर झोप आली होती. डोळे आपोआप मिटत होते आणि ती काठावरून परत परत मागे येत होती.

"झोप ना," धाकटा म्हणाला. "मी आहे इथे."

"उठवशील मला?" तिने विचारलं. लहान मूल विचारतं तसं विचारलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही. "थोड्या वेळाने हाक मारून उठव. म्हणजे मी आत जायला घाबरणार नाही."

"उठवतो."

"नक्की?"

कशालाच नक्की म्हणता येत नाही, हे शिकवण्यात धाकट्याची उभी हयात गेली होती. "नक्की," तो म्हणाला.

अक्का झोपली. चांगली गाढ झोपली. ऊन टेबलावरून खाली उतरलं तेव्हा त्याने तिच्या खांद्याला हात लावून हाक मारली, "अक्का, उठ." तिने डोळे उघडले, खोली बघितली, त्याला बघितलं, आणि तिच्या तोंडावर जे समाधान आलं ते त्याने याआधी कधी बघितलं नव्हतं.

लेख छापून आला. लोक खूप हसले म्हणतात. पुढच्या रविवारपासून सदर बंद झालं, कारण धाकट्याला दुसरं काम होतं. रोज जेवणं झाली की अक्का विचारायची, "उठवशील?" आणि तो म्हणायचा, "नक्की." मग ती निर्धास्त झोपायची आणि तो खुर्चीवर बसून राहायचा, पुस्तक नाही, पेन नाही, आणि वेळ झाली की हाक मारायचा. ती उठायची. असं बरेच दिवस चाललं. तिच्या दुपारच्या झोपा लांबत गेल्या, हाका जास्त माराव्या लागल्या, पण ती उठायची.

एका दुपारी त्याने हाक मारली. थोडं थांबून पुन्हा मारली. खांद्याला हात लावला, कपाळाला लावला, आणि त्याला कळायचं ते कळलं. तो ज्ञानाचा प्राध्यापक होता, याहून जास्त कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण त्याने तिला शब्द दिला होता. शेजारीपाजारी आवाज ऐकून दारात गोळा झाले, कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवून "सर, पुरे आता" म्हणालं, तरी तो हाका मारतच राहिला.